आगाशे सरांची रांग

शाळेत रुजू झाले त्या दिवशी नववीच्या वर्गात डोकावले तर अख्ख्या वर्गाचे अंगठे बांधलेले. सुतळीने, तळव्याला घट्ट. मुलं उरलेल्या बोटांनी पेन धरायचा, सदऱ्याचं बटण लावायचा, डब्याचं झाकण उघडायचा खटाटोप करत होती आणि टेबलाशी एक उंच, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा माणूस स्वतःचेही अंगठे बांधून फळ्यावर काहीतरी लिहायची धडपड करत होता. मला बघून म्हणाला, "बाई, जरा त्या खिडकीची कडी लावता का? आम्हाला आत्ता अंगठे नाहीत."

हे आगाशे सर. विज्ञान शिकवायचे. अंगठ्याचा तास त्यांचा दरवर्षीचा. तास संपत आला की सुतळ्या सोडायच्या आणि एवढंच विचारायचं, "आता सांगा, कुऱ्हाड कोणी केली? डोक्याने की हाताने?" वर्गात दोन तट पडून भांडण जुंपायचं. उत्तर सर कधीच द्यायचे नाहीत. पुढचा तास माझा, मराठीचा. मुलं बोटं चोळत 'डोक्याने', 'हाताने' करत माझी कविता बुडवायची, आणि पहिली काही वर्षं मला त्या माणसाचा मनस्वी राग यायचा.

मी पोफळीच्या वसाहतीत वाढलेली. वडील वीजघरात, घरातलं सगळं त्यांच्या शिफ्टच्या तालावर. अशा घरातून आलेल्या बाईला आगाशे सर म्हणजे शिक्षाच होती. वेळेचं भान त्यांना नव्हतं असं नाही, पण त्यांचा हिशेब लाखाच्या खाली उतरत नसे. शिपायाने चहा उशिरा आणला की म्हणायचे, "अहो, माणसाला नुसतं पाणी तापवायचं सुचायला लाखो वर्षं गेली, तुम्ही तर मधल्या सुट्टीत आणलात." मुख्याध्यापकांनी निकालपत्रकं मागितली की उत्तर तयार असे: दोन पायांवर उभं राहायची घाई केली म्हणून तर माणसाची कंबर दुखते. मुख्याध्यापकांची खरोखरच दुखायची, त्यामुळे ते अधिकच चिडत.

आमची शाळा रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सड्यावर आहे. वर उघडा कातळ, खाली उतारावर आंब्याची कलमं आणि त्याच्याही खाली खाडी नि समुद्र. मुलंही तशीच येतात, सड्यावरच्या वाड्यांमधली, बागायतदारांच्या घरची आणि बंदरावरच्या खारव्यांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची. वर्गात बसतानाही ती आपसूक तशीच बसतात. आगाशे सर दर महिन्याला ही बैठक मोडून टाकत, कोणालाही कोणाशेजारी बसवत. ते स्वतः बागायतदारांतले, त्यामुळे त्यांचेच भाऊबंद तक्रार घेऊन यायचे. सर त्यांना शांतपणे सांगायचे, "मिसळल्यावाचून माणूस टिकलेलाच नाही हो. आमच्या विषयात तसं दिसून आलंय." भाऊबंद पुटपुटत निघून जायचे.

एकदा त्यांनी वर्गात सुरण आणला. आगीने माणसाला काय दिलं हे शिकवायचं होतं. एक तुकडा शिजवलेला, चिंच घालून, आणि एक कच्चा. कच्च्याला कोणी हात लावायचा नाही असं बजावून तो त्यांनी स्वतःच तोंडात टाकला, आणि खाजेने घसा असा सुजला की पुढचे काही दिवस सर खुणांनी शिकवत होते. वर्गातली शांतता बघून मुख्याध्यापक खूश झाले. सर मात्र फळ्यावर लिहून दाखवत राहिले की चुलीशिवाय माणसाचं हे असं झालं असतं. मुलांना तो धडा आजही पाठ आहे, हे मी त्यांच्याकडूनच ऐकते.

पावसाळा सरला की ते मुलांना सड्यावर न्यायचे. शाळेपासून चालण्याच्या अंतरावर कातळात कोरलेल्या आकृती आहेत, कोणी कोरल्या हे कोणालाच ठाऊक नाही. पावसाळाभर त्यांच्यात पाणी साचतं आणि मग त्या हळूहळू पुन्हा उघड्या पडतात. त्यातली एक पाय फाकून उभ्या असलेल्या माणसाची. मी एकदा बरोबर गेले होते. एका मुलाने विचारलं, "सर, हा कुनाचा पूर्वज? आमचा की खारव्यांचा?" मुलगा काही वाईट मनाचा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सर तिथेच कातळावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका मुलीची पाण्याची बाटली घेतली आणि उतरत्या कातळावर ओतली. पाणी फुटलं, दोन ओहोळ झाले, एक खळग्यात जिरला, दुसरा पुन्हा फुटला, खाली जाऊन त्यातले काही परत एकात एक मिसळले. "असा आलाय माणूस," सर म्हणाले. "यातलं पुढचं पाणी कुठलं नि मागचं कुठलं ते मला दाखव." मुलगा बराच वेळ ओणवा होऊन बघत होता.

सर एवढे का गप्प झाले होते, ते मला त्यानंतरच्या आठवड्यात कळलं.

उत्क्रांतीचा धडा सुरू करायच्या दिवशी सर फळ्यावर काही लिहीत नसत. खडू खाली ठेवायचे, चष्मा काढायचे आणि एक गोष्ट सांगायचे. मी व्हरांड्यात उभी राहून ती पहिल्यांदा ऐकली.

"मी तेव्हा नवा होतो आणि अंगात फार हुशारी होती," अशी ती सुरू व्हायची. पुस्तकात एक चित्र असायचं. डावीकडे वाकलेलं वानर, मग त्याहून जरा ताठ, मग आणखी ताठ, असं करत उजव्या टोकाला चालत निघालेला माणूस. स्नेहसंमेलनात सरांनी त्याचा जिवंत देखावा करायचा ठरवला. वर्गातली पाच मुलं उभी केली. कोणाला कुठे उभं करायचं हे ठरवायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. कोट घालून शेवटी उभा राहिला तो एका बागायतदाराचा गोरा मुलगा. आणि हात जमिनीला टेकून सगळ्यात पहिला, तो बंदरावरचा, काळासावळा, बुटका, रुंद खांद्यांचा. "मला कोणी सांगितलं नव्हतं," सर म्हणायचे. "माझ्या डोळ्यांनी ती रांग आपोआप लावली. माझ्या आजोबांचे डोळे, त्यांच्या आजोबांचे डोळे. ते माझ्या डोक्यात बसून बघत होते."

मग कोळशाचं यायचं. मधल्या मुलांच्या तोंडाला कोळसा चोळून झाला. एक जण पहिल्याला चोळायला गेला तर सर म्हणाले, "त्याला नको, तो तयारच आहे." सगळे हसले. तो मुलगाही हसला. पडदा वर गेला तेव्हा त्याची आई पुढच्या ओळीत बसली होती, नवं लुगडं नेसून. पुढच्या जूनमध्ये तो मुलगा शाळेत आला नाही. सर घरी गेले तर आईने दार उघडलं नाही.

"हे मी केलं," सर म्हणायचे. "ती रांग खोटी आहे. आज जिवंत असलेला कुठलाही माणूस दुसऱ्या कुठल्याही माणसापेक्षा वानराला जवळचा नाही. रंग उन्हाने ठरवला, नाक हवेने ठरवलं, त्यात पुढे-मागे काही नाही. त्या मुलाचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. त्याला माझ्यामुळे आणखी लाज नको." मग ते चष्मा लावायचे, आणि वर्गात मुली डोळे पुसत असायच्या.

माझेही डोळे भरून आले होते. माझा सगळा राग त्या दिवशी गेला. एवढ्या मुलांसमोर स्वतःची चूक अशी उघडी करायची, दरवर्षी, न चुकता, हे साध्या माणसाचं काम नाही असं मला वाटलं. मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. सर लाजले आणि म्हणाले, "अहो, माणूस एका गोष्टीत वेगळा आहे, बाई. तो शिकवतो. आपली चूक पुढच्याला सांगतो, म्हणजे त्याला ती पहिल्यापासून करावी लागत नाही." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते घरी, नातेवाइकांत, कुठे कुठे सांगत सुटले.

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग सायली डोर्लेकर नववीत आली. बंदरावरची, हुशार, हात वर करून उत्तर द्यायची घाई असलेली. त्या वर्षी सरांनी गोष्ट सांगितली तेव्हा मी नेहमीप्रमाणे व्हरांड्यात होते. कोळशापर्यंत गोष्ट आली आणि वर्ग हसला नाही, रडलाही नाही. मागच्या बाकावरची दोन पोरं सायलीकडे बघत होती. मग पुढची. हळूहळू अख्खा वर्ग तिच्याकडे वळला. सायली सरांकडे बघत होती आणि तिला काहीच कळत नव्हतं. चष्मा काढलेला असल्यामुळे सरांना यातलं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. मोहन डोर्लेकर, स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख. बुटका, रुंद खांद्यांचा. त्याने चपला शिक्षकखोलीच्या बाहेर काढल्या. सरांनी मान वर करून पाहिलं आणि उभे राहिले. त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी तो स्वतःहून आला होता. सरांनी हात जोडले आणि तोंड उघडलं, पण मोहनने त्यांना बोलू दिलं नाही.

"माफी नको, सर," तो म्हणाला. "ती मी कवाच केली. तुमी फक्त ता सांगनं बंद करा. दरवर्षी तुमी मना परत त्या स्टेजवर हुबा करताव."

सरांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "पण मी नाव कधी घेत नाही रे."

"नाव कशाला घ्यायला पायजे? बंदरावर घरां ती कितीशी."

मग त्याने जे सांगितलं ते आवाज न चढवता सांगितलं. त्या संमेलनानंतर बंदरावर त्याला 'पयला' म्हणायला लागले होते. पयला आला, पयला गेला. वय वाढलं, होडी घेतली, तशी त्याच्या बरोबरीची माणसं ते विसरली. पण दर वर्षी शाळेतून एक नवा वर्ग ते नाव घेऊन खाली उतरायचा. जेटीवर जाळी ओढताना नववीची पोरं मागून 'पयला' म्हणून पळायची. दर वर्षी नवी पोरं. तो कोणाला काही बोलला नाही, पोरं म्हणून सोडून दिलं. आता काल रात्री जेवताना लेकीने विचारलं होतं, बाबा, पयला म्हणजे तुमीच काय.

एवढं सांगून तो थांबला. सर टेबलाची कड धरून उभे होते. मोहनने वाकून नमस्कार केला, सरांचा विद्यार्थी होता म्हणून, आणि गेला. मला माझं ते सांगत सुटणं आठवलं आणि जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सर माझ्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आले. एरवी त्यांची बडबड थांबत नसे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला वाटत होतं मी चूक कशी सुधारायची ते शिकवतोय. पोरं शिकली ती पयला कोण तेवढंच." थोडं पुढे जाऊन पुन्हा म्हणाले, "आणि सांगून झालं ना, की मला किती हलकं वाटायचं म्हणून सांगू. दिवाळीच्या अंघोळीसारखं. त्याच्या जिवावर न्हात होतो मी, बाई." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हाताने नको म्हटलं.

पुढच्या वर्षीचा वर्ग गोष्टीची वाट बघत होता. थोरल्या भावंडांकडून त्यांना ठाऊक होतं की आज सर खडू खाली ठेवणार. सरांनी खडू ठेवला नाही. एका मुलीने विचारलं, "सर, ती गोष्ट?" सर म्हणाले, "कसली गोष्ट? पान उघडा." आणि त्यांनी पुस्तकातला धडा सरळ वाचून दाखवला, व्याख्यांना खुणा करायला लावल्या. रांग खोटी आहे हे त्यांनी पुढेही दरवर्षी शिकवलं, पण ते कुठून शिकले हे सांगितलं नाही. मुलं म्हणायला लागली की आगाशे सर आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझ्याही कानावर ते यायचं, आणि खरं काय ते सांगायचं झालं तर तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली असती. म्हणून मी गप्प बसायला शिकले. मला ते सोपं गेलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःचा सत्कार स्वतःच मोडला. शाल-श्रीफळ झालं, बंदरावरची, वाड्यांमधली, सगळी जुनी मुलं आली होती. मोहन नव्हता, सायली होती. मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की सरांच्या मनाचा मोठेपणा दाखवणारा एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सर खुर्चीतून उठले. "खाली बसा," ते ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच पाहत होते. मुख्याध्यापक हसून पुढे बोलायला लागले, त्यांना ती सरांची विनयशीलता वाटली. सरांनी माईक ओढून घेतला, म्हणाले, "कार्यक्रम संपला, घरी जा," आणि शाल खुर्चीवर टाकून स्टेजच्या पायऱ्या उतरले. लोक चिडले. म्हातारा चळला, सत्काराची किंमत नाही, असं बोलले. मुख्याध्यापकांनी पुढे त्यांना कधी शाळेत बोलावलं नाही. सायली मंडपात बसून होती, तिने मान खाली घातली होती, आणि तिच्याकडे त्या दिवशी कोणीही वळून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी सर आजारी पडले. लग्न केलेलं नव्हतं, कलमांच्या बागेतल्या घरात बहीण कुसुमताई त्यांचं करायच्या. मी जाऊन आले तेव्हा कुसुमताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा झोपेत कोणा मोहनचं नाव घेतो हो. कोण तो?" माझ्या मनाने घेतलं की या दोघांची एकदा भेट घडवायची. सरांना विचारलं नाही, कुसुमताईंना धड सांगितलं नाही. परस्पर बंदरावर गेले. मोहन दोरखंड गुंडाळत होता. मी सांगितलं ते त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजारी मानसाला बगायला यायला काय. येतंय."

तो आला भर दुपारी, इस्त्रीचा सदरा घालून, बंदरापासून तो सगळा चढ चढून. मी त्याला पडवीत बसवलं आणि सरांना आधी विचारावं म्हणून आत गेले. ही माझी सरांशी शेवटची भेट. ते खिडकीकडच्या खाटेवर पडून होते, फार बारीक झालेले. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हटलं, "सर, मोहनला बोलावू का?"

"नको."

"येईल तो. त्याच्या मनात काही नाही आता. एकदा बोललात तर तुम्हाला बरं वाटेल."

सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग ते म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून त्याने आणखी किती वेळा यायचं, बाई?"

पडवी आणि खोली यांच्यामध्ये नुसतं एक दार, तेही उघडं. मी बाहेर आले तेव्हा मोहन उठून उभा राहिला होता. तिथून त्याला खाटेवरचे फक्त पाय दिसत असणार, चादरीतून बाहेर आलेले. तो काही वेळ तिकडे बघत राहिला. मग चपला पायात सरकवल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी आलो व्हतो ता सरांना सांगू नका." मी मान हलवली. तो कलमांमधून खाली उतरून दिसेनासा होईपर्यंत मी तिथे खांबाला धरून उभी होते.

परत आत गेले. सर डोळे उघडून छताकडे बघत होते.

"गेला?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "गेला."

"एवढ्या उन्हाचा वर चढून आला. पाणी तरी विचारलंत का हो त्याला?"

मी विचारलं नव्हतं.